पाठ झालेली नळी

निळा क्लॅम्प — करंगळीच्या पेराएवढा, प्लास्टिकचा — उघडा होता, तिनंच उघडला होता, आणि तरी नळीतून काहीच उतरत नव्हतं. सकाळी नवऱ्याच्या पोटात सोडलेलं औषधी पाणी आता खालच्या पिशवीत यायला हवं होतं; त्याच्या निकामी मूत्रपिंडांचं काम हल्ली ते पाणीच करायचं. हात धुतले, मास्क लावला, नळी जोडली, मग क्लॅम्प… की मधली एखादी पायरी गळली? तिनं मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. मधूनच धरणं तिला कधी जमलंच नव्हतं. शाळेत पाढा अडला की ती पुन्हा एकपासून सुरू करायची, बाई हसायच्या, आणि तरी पहिला नंबर तिचाच यायचा.

दवाखान्यात हे सगळं शिकतानाही तसंच. इतरांची बोटं अजून अडखळत होती तेव्हा ती घडाघडा सगळं करून दाखवत होती. सिस्टरनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, निघताना मात्र विचारलं की अडलंच तर का अडलं ते कळेल ना. आणि ती हो म्हणून मोकळी झाली होती.

"काय झालं गं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. होतंय."

त्यानं निवांत डोळे मिटले. तिनं हळूच सिस्टरना फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नळीला कुठे पीळ नव्हता. तिची नजर नळीवरून वर सरकत पोटावरच्या पट्टीशी आली — इथून पुढे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पण नळी तर पुढे जात होती, कातडीखाली, आत… कुठवर? आणि तिचं टोक एकीकडे असेल, पाणी दुसरीकडे साचलं असेल तर…

"अहो, जरा कुशीवर वळता का?"

"सिस्टरनी सांगितलंय?"

"नाही," ती म्हणाली.

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि तो वळला. नळी थरथरली, बारीक धार पिशवीत उतरू लागली. वळल्यामुळे, की आपसूकच? सांगता येत नव्हतं. तिची नजर मात्र पिशवीकडे न जाता पुन्हा पट्टीवरच गेली. पायरी विसरण्याची धास्ती होती तोवर निदान पायऱ्या तरी होत्या… आता त्या कातडीपलीकडचा काळोख तिला दिसू लागला होता, आणि तो पाठ होणारा नव्हता.