भिंत नसलेला दरवाजा

थांबा, असे कडेनं जाऊ नका! मी दरवाजा बोलतोय. माझ्या डावीकडे भिंत नाही, उजवीकडेही नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही थांबा.

मी सागवानी. उमेदीची वर्षं एका दाताच्या दवाखान्यात गेली. गाल धरून येणारी माणसं मला इतकं हळू ढकलायची, की यांना आत जायचंय की परत फिरायचंय, तेच कळू नये. पुढे दवाखान्याला काचेचं दार आलं आणि मी मागच्या बोळात पडून राहिलो. दोन वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला सुतारमामांनी उचललं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर काही हौशी माणसं नाटकं बसवतात. त्यांचं नेपथ्य मामांकडे. त्यांनी मला नवी चौकट दिली, मागून दोन टेकू ठोकले आणि रंगमंचाच्या मधोमध उभं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ना भिंत, ना छप्पर. मग कडी तरी कशाला?

पण या मंडळींचा एक नियम होता. नाटक बसवणारे मास्तर आयुष्यभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. "भिंत दिसत नसली तरी आहे," असं ते ठणकावून सांगत. तालमीत कुणी माझ्या कडेनं गेलं, की त्यानं वळून हवेला हात जोडायचे आणि भिंतीची माफी मागायची. वकील असो वा दूधवाला, सगळे निमूटपणे मागत.

एका संध्याकाळी तिकीटबाई आल्या. बस आगाराच्या खिडकीवर सव्वीस वर्षं काढलेल्या. खांद्याला पर्स, हातात छत्री, आणि स्वारी सरळ माझ्या कडेनं आत!

"अहो बाई, भिंतीतून आलात!" सगळे एकदम ओरडले.

नियम कळल्यावर बाई वळल्या आणि रिकाम्या हवेला म्हणाल्या, "माफ करा हं, लक्ष नव्हतं माझं." त्यात थट्टा नव्हती. मला त्या तिथेच आवडल्या.

त्यांना आईचं काम मिळालं. आठ वर्षांनी मुलगी परत येते, आई दार उघडते, तिच्याकडे बघते आणि विचारते, "जेवलीस का?" बस, एवढंच. मुलीचं काम मंडळींतल्याच एका नर्सताईंकडे होतं. पण तिकीटबाईंची मान काही वर होईना. इतकी वर्षं काचेच्या फटीतून आलेले हातच पाहिलेले. त्या नर्सताईंच्या हाताशीच बोलायच्या.

"बाई, वर बघा, समोर माणूस आहे," मास्तर कंटाळून म्हणाले. "हे जमलं नाही, तर मला हा प्रवेशच काढावा लागेल."

"काढू नका हो, मास्तर. दिवसाला तीनशे माणसं येतात खिडकीवर. एकाचा चेहरा आठवत नाही मला. निदान एकीचा तरी नीट बघू द्या."

मग त्या रोज सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. मला उघडायच्या, समोरच्या रिकाम्या जागेला "जेवलीस का?" विचारायच्या, पुन्हा लावायच्या. माझ्या बिजागऱ्या दुखून आल्या, पण मी कुरकुरलो नाही.

प्रयोगाचा दिवस उजाडला. बाईंचा पहिला प्रयोग, म्हणून सुतारमामांनी सकाळी मोठ्या मायेनं मला तैलरंगाचा जाडसर हात मारला आणि मला लावून ठेवलं. झालं! संध्याकाळपर्यंत मी चौकटीला गच्च चिकटलो.

साठ खुर्च्या भरलेल्या. शेवटचा प्रवेश. बाहेरून नर्सताईंनी टकटक केली. बाईंनी कडी काढली, मला ओढलं. मी हलेना. पुन्हा ओढलं. मी जीव तोडून प्रयत्न करत होतो हो, पण रंग सोडेल तर शपथ. विंगेतून मास्तर हातवारे करू लागले. भूमितीचा तो माणूस स्वतःचा नियम मोडायला निघाला होता: कडेनं जा, कडेनं!

बाई गेल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर तळहात टेकला.

"अगं, दार अडकलंय. जाऊ नकोस हं."

बाहेरून नर्सताईंचा आवाज आला, "नाही जात."

"आहेस ना?"

"आहे, आई."

"तू ढकल. मी ओढते."

प्रेक्षकांना दोघीही लख्ख दिसत होत्या. मधे फक्त मी. तरी एक माणूस हसला नाही. पहिल्या रांगेतले एक आजोबा तर, सगळं समोर दिसत असूनही, मान वाकडी करून माझ्यापलीकडे डोकावायला बघत होते, मुलगी अजून उभी आहे ना म्हणून! त्या क्षणी मला माझ्या दोन्ही बाजूंना भिंती जाणवल्या. वर छप्पर जाणवलं. इतकी वर्षं खऱ्या भिंतीत काढली, पण एवढं मोठं घर मी कधी सांभाळलं नव्हतं.

काडकन् रंग सुटला आणि मी उघडलो. तिकीटबाईंनी मान वर केली. त्या बघत राहिल्या, बघतच राहिल्या. आणि मग विचारलं, "जेवलीस का?"

पडदा पडला, पुन्हा उघडला. ते आजोबा बाईंना भेटायला रंगमंचावर आले. दोन्हीकडे सताड मोकळी जागा. ते माझ्यासमोर थांबले, चपला काढल्या आणि हळूच टकटक केली.

"येऊ का आत?"

"या ना," बाई आतून म्हणाल्या.

माझ्या कडेचा रंग तेव्हापासून उडालेला आहे. मामांना तो नीट करायचा आहे. बाई हात लावू देत नाहीत. तर तुम्हीही कधी आलात, तर एवढं ऐका. कडेनं जाऊ नका. टकटक करा. आत कुणीतरी आहे.