सगळ्या हाका शून्य नंबरला

मी शून्य नंबरचा प्रोसेसर बोलतोय. शून्य म्हणजे बिनकामाचा नव्हे. आमच्यात मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून मी थोरला. नखाएवढ्या एका चिपवर आम्ही चार भावंडं राहतो. आमचा संगणक रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रात, फोन घेणाऱ्या ताईंच्या टेबलाखाली असतो. फोन त्याच्यावरच येतात.

यंत्राच्या एखाद्या भागाला आमच्याकडे काम असलं की तो हाक मारतो. तिला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की हातातलं टाकून उठायचं, काय हवं ते बघायचं आणि परत येऊन सोडलं तिथून सुरू करायचं. डिस्क हाक मारते, घड्याळ मारतं, ताईंचा आवाज आणणारा हेडफोनचा माइकही मारतो. नेटवर्क कार्ड तर श्वास घेऊ देत नाही, कारण फोनवरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी तेच आणतं.

या सगळ्या हाका माझ्याच नावावर होत्या. घरात बेल वाजली की सगळे थोरल्याकडे बघतात, तसं. धाकटी तिघं आपली निवांत. मला त्यांचा राग येत नव्हता असं म्हणणार नाही. येत होता.

माझ्या नाकी नऊ आले की आवाजाचे तुकडे दारातच पडून राहत, काही वायाही जात. ताईंपर्यंत अर्धाच पत्ता पोचायचा.

"काय म्हणालात? कशाच्या मागे?"

"अहो, किती वेळा सांगू? बहिऱ्या आहात का?"

तक्रारी वर गेल्या. साहेब टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही भांडारात बसा. चादरी, स्ट्रेचर बघायची. तिथे ऐकावं लागत नाही."

"साहेब, माझे कान ठणठणीत आहेत. मशीनमध्येच काहीतरी आहे."

"मशीन पाऊण रिकामं आहे. पडद्यावर दिसतंय की."

दिसत होतं ते खोटं नव्हतं. ती चौघांची सरासरी होती. एक जण मरमर मरतोय आणि तिघं झोपलेत, याची सरासरी फार छान येते.

साहेब गेल्यावर ताई रडल्या. त्या वेळी फोन नव्हता, म्हणून माइकमधून तो हुंदका माझ्यापर्यंत अख्खा पोचला. मला फार वाईट वाटलं.

सिस्टिमवाले दादा याआधी येऊन हेडफोन बदलून गेले होते, मग वायर बदलून गेले होते. ताईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. "दादा, या वेळी नीट बघा हो. उद्या सोमवार आहे."

दादांनी पडद्यावर आम्हा चौघांना वेगवेगळं काढलं आणि डोक्याला हात लावला. "अरे, सगळं या एकट्याच्याच गळ्यात!"

त्यांनी नेटवर्क कार्डाच्या हाका दोन नंबरच्या नावावर केल्या. आवाज स्वच्छ झाला. दादांनी बॅग उचलली, आणि ते दारापर्यंत पोचायच्या आत सगळ्या हाका माझ्याकडे परत आल्या.

आमच्यात वाटणी करणारा एक प्रोग्रॅम आहे. तो आपोआप चालतो. वीज वाचावी म्हणून त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की एकालाच जागं ठेव, बाकीच्यांना झोपू दे. दादांनी केलेली वाटणी त्याने इमानेइतबारे मोडली होती.

"मी देतोय आणि हा काढून घेतोय," दादा पुटपुटले. त्यांनी आधी त्याला बंद केलं आणि मग वाटणी पुन्हा केली, या वेळी माइकच्या हाकाही दोन नंबरला दिल्या. आता ती टिकली. कळफलक मात्र त्यांनी माझ्याकडेच राहू दिला.

पुढचा फोन दोन नंबरने घेतला. काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. माझ्याकडे फक्त ताईंच्या बोटांखालची अक्षरं आली: पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक, पहिला मजला. एरवी ताई चार अक्षरं लिहून तीन खोडायच्या. या वेळी खोडायची कळ एकदाही दाबली गेली नाही.

सोमवारीही तीच बोटं होती.

आता मी बराच वेळ मोकळा असतो. दोन नंबरला विचारतो, ताई कशा आहेत? तो म्हणतो, "कामात आहे, नंतर सांगतो." हे मीही पूर्वी म्हणायचो, त्यामुळे बोलायची सोय नाही.

मला विश्रांती हवी होती, ती मिळाली. तिच्याबरोबर ताईंचा आवाजही जाईल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर कामं जरूर वाटून द्या. फक्त वाटण्याआधी थोरल्याला एकदा विचारा, यातलं कुठलं ओझं त्याला स्वतःकडे ठेवायचंय.