मोरिता-सानची बरणी

कांदा उभा, पातळ चिरून घ्यावा.

“कौमुदी, हा कसला वास? तू खरंच डुक्कर शिजवतेयस?” दारात बूट काढता काढता अंबरीषने विचारलं.

“पोर्क म्हण. आणि तुला नाही वाढणारे. शेजारच्या मोरिता-सानना द्यायचंय.”

“आपल्या गॅसवर?”

“पातेलं नवीन आणलंय. झाराही. आईंना बोलू नकोस फोनवर.”

मांसाचे तुकडे दोन्ही बाजूंनी लाल करावेत.

भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. सकाळी ती उठली तेव्हाही चालू होता.

मोरिता-सान एकटेच राहत. तरुणपणी ते जर्मनीत कारखान्यात होते; त्यांची बायको तिथे कोबी आंबवायला शिकली. ती वारल्यावर मोरिता-सान स्वतःच तसा कोबी घालू लागले. गेल्या शनिवारी लिफ्टमध्ये त्यांनी कौमुदीला कृती सांगितली. बोटाने नाक वर दाबून डुक्कर दाखवलं, मग तळहात हळूहळू खाली नेला. “युक्कुरी,” ते म्हणाले. सावकाश. आम्ही हे खात नाही, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते हसत होते. संध्याकाळी आंबट कोबीची बरणी पिशवीतून तिच्या दाराच्या मुठीला लटकत होती.

कोबी घालावा. थोडं शहाजिरं. पाणी बेताचं.

“मग आभार मानलेस का?” अंबरीषने विचारलं.

“रिकाम्या हाताने कशी जाऊ? रिकामी बरणी परत करतात का?”

“चिमूटभर साखर घालून द्यायचीस. माझी मावशी तेच करायची.”

“जपानी माणसाला साखर? वेडी म्हणतील मला.”

म्हणून ती थांबली होती. सोमवारी ऑफिस, मंगळवारी ऑफिस. नवीन पातेलं बुधवारी आलं, मांस आज. तोवर त्यांच्या दारावरून जाताना ती पावलं न वाजवता जायची. भेटले, तर काय सांगणार?

झाकण ठेवावं. मंद आचेवर.

“रोज कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी तेच पसरतात. आज नव्हते,” ती म्हणाली. “कावळ्यांनी पिशव्या फाडल्या होत्या. सगळं रस्त्यावर.”

“मुलीकडे गेले असतील.”

“टीव्ही लावून?”

अंबरीषने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे प्रेक्षक हसले.

आच अजून—

ती तशीच बाहेर आली. मोरिता-सानच्या दाराच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली होती, वरचं अर्धं बाहेर. तिने बेल दाबली. आत टाळ्या वाजल्या. पुन्हा दाबली.

“मोरिता-सान?”

जिन्यात वास भरला होता. तो आपल्याच पातेल्यातला आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

“अंबरीष, ऑफिसला फोन लाव. वसाहतीच्या. लगेच.”

“अगं, उगाच त्रास—”

“लाव म्हणते ना!”

मधूनमधून ढवळावं. ढवळायला कोणी नव्हतं.

चावी घेऊन ऑफिसातली एक बाई आली, पाठोपाठ तरुण पोलीस. दार साखळीइतकंच उघडलं. पोलिसाने एकदा आत पाहिलं आणि अदबीने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. साखळी कापल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त टीव्ही.

तो बाहेर आला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती. “तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“शनिवारी.” तिचं जपानी अडखळलं. “त्यांनी मला… कोबी दिला.”

“त्यानंतर?”

अंबरीष तिच्याकडे बघत होता. “त्यानंतर नाही,” ती म्हणाली.

पोलीस आत गेला. टीव्ही बंद झाला.

भिंत इतकी गप्प झाली की स्वयंपाकघरातलं रटरटणं बाहेरपर्यंत ऐकू येऊ लागलं. तिने आत जाऊन गॅस बंद केला. मांस मऊ झालं होतं. झाऱ्याच्या कडेनेच तुटलं. कोबी सोनेरी, जसा व्हायला हवा होता तसा.

“हे काय करायचं आता?” अंबरीषने हळूच विचारलं.

तिने ओट्यावरची बरणी पुन्हा धुतली, पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल काढून आतून-बाहेरून पुसली. साखरेचा डबा उघडला. चिमूटभर साखर तळाशी टाकली, झाकण घट्ट लावलं.

शेजारच्या दारातून माणसं ये-जा करत होती. तिने त्यांना जाऊ दिलं, मग बरणी पिशवीत घालून मोरिता-सानच्या दाराच्या मुठीला अडकवली. दार मिटेपर्यंत पिशवी डोलत राहिली.