डेथ व्हॅलीतली हरतालिका

नागपूरच्या माणसाला ऊन दाखवायला अमेरिकेत न्यायचं म्हणजे कमालच. पण आमच्या परीक्षितने एकदा मनावर घेतलं की संपलं. तो राहतो त्या क्युपर्टिनोहून विमानाने लास वेगास, तिथून भाड्याची गाडी आणि शनिवारी दिवसभर डेथ व्हॅलीचं वाळवंट. आईबाबा एवढ्या लांबून आलेत तर त्यांना सगळं दाखवायचं, असा त्याने ध्यासच घेतला होता. बुकिंग करताना पठ्ठ्याने हॉटेलं पाहिली, रस्ते पाहिले. आईने नागपूरहून आणून फ्रिजवर लावलेलं कॅलेंडर तेवढं पाहिलं नाही. त्या शनिवारी हरतालिका होती.

सुहासिनीच्या ते ध्यानात होतं. पण पोराचा हिरमोड नको म्हणून ती गप्प बसली आणि मी आरडाओरडा करीन म्हणून मलाही बोलली नाही. तिचा हा उपास निर्जळी असतो, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. लग्नापासून मी त्यावरून तिची टिंगल करत आलोय. त्या दिवशी ती हट्टाने साडी नेसली, खाली स्पोर्ट शूज. मी त्याचीही चेष्टा केली, पण डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

सकाळी पिवळ्या डोंगरांचे फोटो काढून झाले. पुढे चढावर पाटी होती, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. परीक्षितने निमूटपणे बंद केला. तो मागे पाण्याची बाटली द्यायचा, की ती लगेच माझ्या हातात. गेल्या वर्षी माझी बायपास झाली, तेव्हापासून ती माझ्यावर पहारा ठेवून असते. मला वाटलं, त्यातलाच हा प्रकार.

दुपारी मिठाच्या पांढऱ्या मैदानावर उतरलो. तापलेली इस्त्री गालाजवळ धरावी तशी हवा. नागपूर यापुढे काहीच नाही, हे मी तिथे मनातल्या मनात कबूल केलं. सुहासिनी थोडी चालली आणि खाली बसली. ओठ पांढरे, अंगाला घाम नाही. आम्ही दोघांनी धरून तिला गाडीत आणलं. परीक्षितने बाटली तोंडाशी नेली, तर तिने ओठ घट्ट मिटले.

"आज हरतालिका आहे," ती म्हणाली.

परीक्षितचा चेहराच उतरला. फोनला सिग्नल नव्हता. मदत मिळण्याचं जवळचं ठिकाण आम्ही मागे टाकून आलो होतो. त्याने गाडी वळवली आणि पिटाळली.

मी तिला नाही नाही ते बोललो. नागपुरात आता मध्यरात्र उलटून गेलीय, तुझ्या बहिणी उपास सोडून झोपल्यासुद्धा, हेही सांगून पाहिलं.

"ज्यांच्यासाठी धरलाय ते इथे आहेत," ती म्हणाली. "मग दिवसही इथलाच."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता ती बोलली. "मागच्या हरतालिकेला डोकं फार दुखत होतं. कांचनकडे मी चहा घेतला. अन् महिन्याभरात तुमची छाती कापली."

कांचन तिची धाकटी बहीण. वर्षभर या बाईने हे एकटीने उरावर वागवलं होतं. आणि मी शेजारी बसून तिच्या उपासांवर विनोद करत होतो. मला स्वतःची लाज वाटली. शिरांमध्ये चरबी साठायला वर्षानुवर्षं लागतात, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही समजावलं होतं. पण तिची भीती त्याने गेली नव्हती, हे मला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात तिने पर्स उघडली. एवढ्या ग्लानीतही माझी दुपारची गोळी काढून तळहातावर माझ्यापुढे धरली. मी बाटलीचं झाकण लावलं.

"तू पाणी घेतल्याशिवाय मी गोळी घेणार नाही."

"असं करू नका हो."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. ही सरळसरळ दमदाटी होती आणि ती माझ्याच जिवावर चालली होती. पण दुसरं काही सुचत नव्हतं. परीक्षित आरशातून आमच्याकडे बघत होता. अखेर तिने बाटली ओढून घेतली. डोळे मिटून गौरीची क्षमा मागितली आणि प्यायला लागली. ठसका लागला, साडी भिजली, डोळ्यांना धार लागली, तरी पीत राहिली. मग मी गोळी घेतली.

तिथल्या मदत केंद्रावर त्यांनी तिला ओल्या टॉवेलात गुंडाळलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं परीक्षितला बाजूला घेऊन सांगितलं. संध्याकाळी ती बरी झाली, चार शब्द बोलली. आम्ही परत निघालो.

गाडीत गारवा होता. दिवसभराच्या शिणाने माझे डोळे मिटायला लागले, तर तिने मला गदागदा हलवलं.

"झोपू नका."

मी म्हटलं, अगं, नुसती डुलकी आहे. माझ्या शर्टाच्या गुंड्यांमधून तिने हात आत घातला आणि टाक्यांच्या व्रणावर तळवा टेकवून ठेवला. तळवा अजून गरम होता. वेगास येईपर्यंत मी पापणी मिटली नाही.