पायावरची बेरीज

"मॅडम, हिची बोटं बंद करा, न्हायतर मी शाळा बंद करतो," रणजित दांगट म्हणाले आणि पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत बसले. रिकामी तेवढी एकच होती. गुडघे हनुवटीशी आले, तरी आवाज खाली आला नाही.

वारज्याच्या या शाळेत, ज्यांना गणित जमत नाही अशा मुलांना मिसबा गणित शिकवायची. समोर दांगटांची राजनंदिनी बाकावर, स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली होती. हा दांगटांचा उपाय. आठवीतली पोरगी बोटांवर मोजते, हे त्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये चारचौघांत ऐकावं लागलं होतं. दिवाळीपासून ती घरीदारी हातांवरच बसत होती.

"सोमवारपासून शिवणक्लासला टाकतो," ते म्हणाले. शिवणकामात काही मोजायचं नसतं, असा त्यांचा समज असावा.

"आठ अधिक सात?" मिसबाने विचारलं.

बराच वेळ गेला. "चौदा."

"बघा!"

मिसबा बघतच होती, पण वहीत. या मुलीची चुकीची उत्तरं ती तीन महिने उतरवून ठेवत होती. बरोबर उत्तरांतून काही कळत नाही, असं तिचं मत. सहा अधिक आठ, तेरा. नऊ अधिक पाच, तेरा. चारपर्यंत मिळवायचं असलं की पोरगी चुकत नव्हती. पाच किंवा पुढे गेलं की उत्तर एकाने कमी. दरवेळी. इतक्या शिस्तीत चुकणं सोपं नाही.

"कशावर मोजतेस गं?"

"मनात."

"मग बूट का हलतोय?"

राजनंदिनीने वडिलांकडे पाहिलं.

"म्हैन्याला मोज्यांचे तीन जोड लागतात हिला," दांगट म्हणाले. "पुढं भोकं. मी म्हटलं, वाढीचं वय हाय."

"बूट काढ बघू," मिसबा म्हणाली. नाड्या सोडायला राजनंदिनीने हात काढले. तळव्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ उमटले होते. दांगट भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचू लागले.

मिसबा फरशीवर बसली. "हं. आठ अधिक सात."

पायाचा अंगठा हलला. नऊ. शेजारचं बोट, दहा. त्याच्या शेजारचं, अकरा. मग शेवटची दोन्ही एकदमच हलली. "बारा. हा पाय संपला, म्हणजे पाच झाले." दुसऱ्या पायावर तेरा, चौदा. "ही दोन सुटी हलतच नाहीत मॅडम. खूप ट्राय केलं."

मिसबाने चप्पल काढून करून पाहिलं. तिचीही हलेनात. "दांगटसाहेब, तुमची हलतात का?"

"मी कशाला हलवू?" दांगट म्हणाले. बुटाचं टोक मात्र जरा उचललं गेलं.

"हिची बेरीज बरोबर आहे हो. पाय अपुरा पडतोय. हात मोकळे सोडा आणि परीक्षेपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या. मग शिवणक्लासचं ठरवा."

"परीक्षा कवा?"

"दहा एप्रिल."

"म्हंजे आठवडे किती भरतात..." दांगट खिडकीबाहेर बघत पुटपुटले. मांडीवरच्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला. तर्जनीची तीन पेरं. मधल्या बोटाची तीन. अनामिकेवर दुसऱ्या पेराशी तो अचानक थांबला.

दांगटांनी हाताकडे पाहिलं, मग मुलीकडे. हात खिशाकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

"कुठवर आलो होतो गं?" त्यांनी विचारलं.

"आठ," राजनंदिनी लगेच म्हणाली.

दांगटांनी मान डोलावली आणि हात उचलून तिच्यासमोर बाकावर, सगळ्यांना दिसेल असा, उताणा ठेवला.