उजवा हात घरचा

ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

दिव्याखाली कप्तान पाणबुडा उताणा पडला होता. वीतभर उंची, निळा पोशाख, डोक्यावर गोल शिरस्त्राण आणि उजव्या मुठीत भाला. आमच्या लहानपणी गाजलेल्या एका कार्टूनपटातला हा नायक. ह्यांच्या मामाने तो ह्यांना आणून दिला होता. ह्यांनी तो शेजारच्या मुलाला दोन दिवस खेळायला दिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलाच्या घरचे बिऱ्हाड हलवून गाव सोडून गेले. त्याला पन्नास वर्षं झाली. पुढे ह्यांनी सिनेमातले, कार्टूनमधले, कॉमिक्समधले असे दोन कपाटं भरून बाहुले जमवले, पण पाणबुडा काही मिळाला नाही. बाहुले म्हटलेलं ह्यांना खपत नाही, फिगर म्हणायचं. मी बाहुलेच म्हणते.

या लग्नाच्या वाढदिवसाला मी तो शोधून काढला, ह्यांना पत्ता लागू न देता. किती दिले ते विचारू नका. माझ्या सख्ख्या आईने विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. घेण्याआधी तपासलं मात्र नीट. पायाच्या तळव्याला कारखान्याचा शिक्का होता, गुडघा वाकवला की दोनदा टक् वाजत होतं. तीस वर्षं ह्यांची बडबड एका कानाने ऐकली होती, ती दुसऱ्या कानाने सगळीच काही बाहेर गेली नव्हती.

"बोला की," मी म्हटलं.

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"अस्सल आहे," म्हणाले. "कुठून मिळवलास गं तू?"

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मीही पदराने डोळे पुसले. पण त्या रात्री हे अर्ध्या जेवणावरून उठले, आणि सकाळी बघते तर पाणबुडा कपाटात मागच्या रांगेत, एका लठ्ठ रोबोच्या पाठीशी उभा. मी म्हटलं, असेल बाबा, ह्यांची काहीतरी वर्गवारी असेल.

आमचे हे कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे घरच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे ओतून, मेण कोरून दात बसवायचे. निम्मं गाव आमच्या घरच्या दातांनी हसतं, असं मी म्हणते. त्याच हत्यारांनी हे लोकांच्या बाहुल्यांचे तुटलेले हात, हरवलेले कान करून द्यायचे. असा एखादा अवयव नवा केला, की त्याच्या सांध्याच्या आत, कुणाला सहज दिसणार नाही असा एक लाल ठिपका द्यायचा. उद्या कुणी तो बाहुला अस्सल म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारायला नको. दोन वर्षांपूर्वी ह्यांचा हात थरथरायला लागला आणि कवळ्या बंद झाल्या. बाहुल्यांची बारीक कामं, आणि त्यांच्याबरोबर ठिपके, तर त्याआधीच बंद झाले होते.

उरल्या होत्या चिठ्ठ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही बाहुलेवेडी दहाबारा मंडळी जमतात. प्रत्येकाने आणलेली वस्तू टेबलावर ठेवायची, आणि तिच्यापुढे ह्यांनी चिठ्ठी लिहून ठेवायची. अस्सल, दुरुस्त किंवा नक्कल. त्यावर कुणी वाद घालत नाही. एकदा त्यांच्यातल्या निवृत्त पोस्टमनच्या लाडक्या अंतराळवीरापुढे ह्यांनी नक्कल लिहिलं. दोघांची शाळेपासूनची दोस्ती, पण पोस्टमन दोन वर्षं बोलला नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, "अहो, एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?" हे म्हणाले, "माझ्याकडे दुसरं आहे काय? शब्दच आहे."

वाढदिवसानंतर आलेल्या त्या रविवारी मीच हट्ट धरला. पाणबुडा घ्यायचा आणि मीही येणार. हे म्हणाले, पुढच्या महिन्यात नेऊ. म्हणाले, पाऊसपाणी आहे. म्हणाले, डोकं दुखतंय.

"मी शोधून आणलाय," मी म्हटलं. "चारचौघांत जरा मिरवू द्या की मला."

मग ह्यांनी पाणबुडा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

खोलीत सगळे टेबलाभोवती गोळा झाले. पाणबुडा पाहून पोस्टमनने शीळ घातली. "वहिनी, जिंकलंत," म्हणाला. "हा पाणबुडा आमच्यातल्या कुणालाच सापडला नव्हता." मी नाही नाही म्हणत चांगलीच फुगले. बाकीच्या वस्तूंपुढे चिठ्ठ्या लागल्या. शेवटी पाणबुड्याची पाळी आली.

ह्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली, पेन टेकवलं आणि तसेच बसले. हात थरथरत होता, पण तो नेहमीचाच. नेहमी निदान अक्षर तरी उमटायचं. इथे नुसता शाईचा डाग मोठा होत होता.

"लिही ना," पोस्टमन म्हणाला. "अस्सल लिहायला एवढा मुहूर्त कशाला?"

मला वाटलं, हाताने दगा दिला. लोकांचं लक्ष जरा दुसरीकडे जावं म्हणून मी पाणबुडा उचलला आणि त्याचा तिरका झालेला भाला नीट करायला गेले. तेव्हा मला अंगठा दिसला. हातमोज्यातल्या मुठीचा, जेमतेम तिळाएवढा अंगठा. डाव्या हाताचा पुढे होता. उजव्या हाताचा मागे.

आमच्या मागच्या खोलीत एक काडेपेटी आहे. तिच्यात कापसावर हातमोजा घातलेला एक इवलासा उजवा हात ठेवलेला. साफसफाई करताना मी ती शंभरदा उघडली असेल. एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "ती एक चूक आहे. राहू दे."

तुटलेला उजवा हात करायचा तर आधी धडधाकट डाव्या हाताचा साचा घेऊन तसाच एक हात ओतायचा, तो नमुना म्हणून समोर ठेवायचा आणि त्याच्या उलटा हात कोरायचा, ही ह्यांची रीत. म्हणजे एका जागी दोन हात तयार पडलेले असणार. त्यातला भलताच ह्यांनी चिकटवला होता. ह्यांच्यासारखा माणूस अशी चूक कधी करेल, हेही मला लगेच उमगलं. आमची मुलगी झाली त्या दिवशी मला कळा लागल्याचा निरोप इस्पितळातून आला, तेव्हा एक बाहेरगावचं गिऱ्हाईक घरी येऊन बसलं होतं. हे घाईघाईत त्याचं काम उरकून, त्याच्या हातात देऊन पळत आले होते. मनगटाला प्लॅस्टर तसंच होतं. लाल ठिपक्याची आठवण कुठून राहणार?

म्हणजे हे माझ्याशी खोटं बोलले. आधी रागच आला. मग कळलं, जन्मभर ज्याने मित्राची सुद्धा भीड ठेवली नाही, त्याने माझ्या आनंदापायी एक शब्द मोडला होता. तो घरात मोडला होता. आता चारचौघांत, लेखी मोडायची वेळ आली होती, आणि हात पुढे जात नव्हता. खरं लिहावं तर मी सगळ्यांपुढे तोंडघशी पडणार. मीच आणलं होतं ह्यांना इथवर, मिरवायला.

"अहो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा उजवा हात आपल्या घरचा ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण असं बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

"हो," म्हणाले. मग टेबलाकडे वळले. "हात मी केलेला आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी. उजव्याच्या जागी डावा बसवला आणि ठिपकाही दिला नाही. इतकी वर्षं हा अस्सल म्हणून फिरतोय, तो माझ्यामुळे. त्या दिवशी हिला इस्पितळात नेलं होतं."

सगळे पोस्टमनकडे बघायला लागले. दोन वर्षांच्या अबोल्याचा हिशेब चुकता करायला याहून चांगली संधी त्याला मिळणार नव्हती. त्याने पाणबुडा हातात घेतला, अंगठा नीट पाहिला आणि खाली ठेवला.

"मुलगी झाली ना त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे. लिही."

ह्यांनी नवी चिठ्ठी घेतली. लिहायला खूप वेळ लागला. दुरुस्त. उजवा हात घरचा. ओळ उतरणीला लागल्यासारखी खाली गेली होती, पण वाचता येत होती.

घरी आल्यावर मी काडेपेटी काढली. म्हटलं, खरा उजवा हात हा आहे, तुम्ही सांगाल तसा मी चिकटवते.

"नको," हे म्हणाले. "तो हात बदलला तर मी त्या दिवशी इस्पितळात धावलो नाही असं होईल."

"मग निदान तुमचा ठिपका तरी द्या."

लाल रंगाची बाटली सुकत आली होती, तिच्यात मी टर्पेंटाइनचे दोन थेंब घालून ती ढवळली. ह्यांनी काडीचं टोक रंगात बुडवलं. मी एका हाताने पाणबुड्याचं कोपर वाकवून धरलं आणि दुसऱ्या हाताने ह्यांचं मनगट.

ठिपका जरा मोठा आला. हे भिंगातून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी पाणबुडा पुढच्या रांगेत ठेवला.