धोंडूबाईचा निकाल

रघूने लुगड्याचं गाठोडं पलंगाखाली सरकवलं आणि चादर जमिनीपर्यंत ओढली. काठीचं टोक तरी बाहेर राहिलंच. कमळने ते पायाने आत ढकललं.

"आज त्या म्हातारीचा आवाज घरात नको," ती म्हणाली.

रघूने नवऱ्यासारखी नाही, शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडी लावली, पुन्हा काढली.

म्हातारी म्हणजे धोंडूबाई. बावीस वर्षांपूर्वी अंजूरमधल्या एका हळदीला वाजंत्री उशिरा आले, तेव्हा रघूने आईचं लुगडं नेसून वेळ मारून नेली होती. अशी बाई गावात कधीच नव्हती. बोलता बोलता त्याने ती घडवली. तेव्हापासून भिवंडीच्या आसपास हळद असली की मांडवात धोंडूबाई यायचीच. आता ती लोकांच्या मोबाइलवरही होती. बाजारात रिक्षावाले त्याला हाक मारत, "अम्मा, अंजूर चलना है?"

पण त्याच लुगड्यावरून त्याच्या लेकीची, उन्नतीची, दोन स्थळं परत गेली होती. दुसऱ्यांनी तर सरळ निरोप धाडला की बाप बाई होऊन नाचतो, आमच्यात तसं चालत नाही. रघूने मग दोन महिने एकही हळद घेतली नाही.

अकरा वाजता वडप्याचे हिरामणशेठ मुलगी बघायला आले. महामार्गाला लागून त्यांची चार गोदामं. बरोबर मुलगा भूपेश. रघू खुर्चीच्या टोकावर बसला. मुलगा काय करतो, असं त्याने विचारलं. गोदामांचं बघतो, असं उत्तर आलं. पुढचा प्रश्न त्याला सापडेना. हजार माणसांपुढे कधी न अडलेली जीभ स्वतःच्या घरात जड झाली होती.

उन्नती मोरपंखी साडीत पोहे घेऊन आली. भूपेशने मोबाइलवरून नजर न काढता ताटली घेतली. ती समोर बसली, विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरं दिली, मग उठून दाराशी उभी राहिली.

हिरामणशेठ चुळबुळले आणि हसले.

"रघूभाऊ, किती वेळ गप बसणार? धोंडूबाईला बोलवा की. तिच्यासाठीच तर आलोय आम्ही."

कमळच्या हातातला तांब्या हवेतच राहिला. शेठ सांगत होते, त्यांच्या घरी लहानथोर सगळे धोंडूबाईचे व्हिडिओ बघतात. ती विहीण म्हणून मिळाली तर हळदीला अख्खं वडपे लोटेल. रघूने कमळकडे पाहिलं. तिने पदराने डोळे टिपले आणि स्वतःच वाकून पलंगाखालून काठी आणि तपकिरीची डबी काढून दिली.

रघूने टॉवेल डोक्यावर घेतला, पाठ वाकवली, आणि धोंडूबाई खोलीत आली.

तिने शेठच्या पोटाची चौकशी केली, गोदामाला टाळं लावतोस की गोदामच तुला, असं विचारलं. भूपेश मोबाइल समोर धरून शूटिंग करत होता. मग नेहमीचा शेवट आला. मांडवात धोंडूबाई नवरदेवाला पुढे बोलावते, त्याच्या डोळ्यांवर पदर धरते आणि परीक्षा घेते. आज तिने डोक्यावरच्या टॉवेलचं टोक भूपेशच्या डोळ्यांवर धरलं.

"बोल रे नातवा. माझ्या पोरीच्या लुगड्याचा रंग कंचा हाय?"

टॉवेलखालून भूपेश खिदळला. "आजी, लाल ना?"

सगळे हसले. धोंडूबाईनेही कपाळावर हात मारला, कमरेला खोचलेली तपकिरीची डबी काढून त्याच्या हातात ठेवली. डबी मिळाली म्हणजे पास. नापास कुणालाच करायचं नाही, हा तिचा बावीस वर्षांचा नियम होता. लग्नघरात तसं करतच नाहीत.

भूपेशच्या डोळ्यांवरून टॉवेल बाजूला करताना रघूची नजर दाराकडे गेली. उन्नती हसत नव्हती.

स्थळ पसंत आहे, असं सांगून, पेढे देऊन पाहुणे गेले. कमळ पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवून शेजारच्या काशीला सांगायला धावली. रघू तसाच बसून राहिला. मांडवातली पोरं त्याला आठवत होती. उत्तर चूक असो की बरोबर, पण लाजायची. पदराखालून चोरून बघायची. मुलीकडे एकदाही न बघणारा मुलगा त्याने पहिल्यांदाच पाहिला होता आणि त्यालाच स्वतःच्या हाताने डबी दिली होती.

उन्नती कपबश्या गोळा करत होती. भूपेशच्या खुर्चीवर तपकिरीची डबी पडली होती. तिने ती उचलली आणि बापापुढे ठेवली.

"ऱ्हायली त्याची."

रघू डबीचं झाकण उघडमीट करत राहिला.

"बाबा, धोंडूबाई कुणालाच नापास करत न्हाय?"

"मांडवात न्हाय करत."

"हा मांडव न्हाय, बाबा."

"तुझी आई किती खूश हाय बघ," तो म्हणाला. "तिसरं स्थळ हाय."

"मला मोजता येतं." तिने साडीचा काठ बोटांत धरला होता. "मी न्हाय म्हटलं तर म्हणतील, पोरीला माज आलाय. धोंडूबाईने न्हाय म्हटलं तर हसतील. म्हणून तुला सांगतेय."

ती कपबश्या घेऊन आत गेली. नळाचा आवाज सुरू झाला.

रघूने डबी खिशात टाकली. डोक्यावर राहिलेला टॉवेल काढून घडी केला. मग मोबाइल घेऊन नंबर लावला. उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाठ अजून वाकलेलीच आहे. त्याने ती सरळ केली.

फोन उचलला तेव्हाच हिरामणशेठ हसत होते. गाडीत भूपेशही हसत असावा. शूटिंगमधला आपलाच आवाज रघूला फोनवर त्यांच्या मागून ऐकू येत होता, लुगड्याचा रंग विचारणारा.

"बोला, विहीणबाई."

रघू थांबला. हसू पुरतं ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायचं नसतं, एवढं त्याला बावीस वर्षांत कळलं होतं. आत नळ बंद झाला. पलीकडचं हसू हळूहळू संपलं.

"शेठ," तो म्हणाला, "मी उन्नतीचा बाप बोलतोय."